देवांनाही मरण आहे

बौद्ध विश्वरचनेतील स्वर्गांविषयी वाचताना मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की तिथे पोहोचलेला जीवही सुटलेला नसतो. विश्वाच्या मध्यावरील सुमेरू पर्वताच्या शिखरावर शक्र, म्हणजे इंद्र, ज्यावर राज्य करतो, त्या तावतिंस नावाच्या स्वर्गातील एक दिवस माणसांच्या 100 वर्षांएवढा असून तिथले आयुष्य आपल्या गणनेने 3 कोटी 60 लाख वर्षांचे सांगितले आहे. तरीही पुण्य सरले की देव तिथून च्युत होतो. ‘इतिवुत्तक’ या पाली ग्रंथात त्याची पाच चिन्हे दिली आहेत: गळ्यातली फुले कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखेत घाम येतो, कांती उतरते आणि स्वतःच्या आसनावर मन रमेनासे होते. काखेतल्या घामाचा तपशील मला फार खरा वाटतो. अशा वेळी सोबतचे देव त्याला सुगती चिंतितात, आणि देवांच्या लेखी ती सुगती म्हणजे मनुष्यजन्म, कारण तिथे धम्मावर श्रद्धा जडू शकते. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात भवचक्राच्या, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याच्या, चित्राचे अवशेष ओसरीच्या भिंतीवर आहेत, तर आत तावतिंसातून पृथ्वीवर संकिस्स या नगरीत उतरणारे बुद्ध रंगवलेले आहेत; मृत्यूनंतर देवलोकात जन्मलेल्या माता महामायेला अभिधम्म, म्हणजे धम्माचे सूक्ष्म विवेचन, सांगण्यासाठी ते तिथे गेले होते, असे थेरवादी परंपरा मानते.