प्रोजेक्ट संपतो, तिथून पुढे : आमची वाटचाल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बनवलेलं वैद्यकीय उपकरण जेमतेम एक शैक्षणिक वर्ष जगतं. विषय ठरतो, प्रोटोटाइप उभा राहतो, परीक्षकांसमोर दिवा लागतो, मार्क मिळतात. मग मुलं नोकरीला लागतात आणि उपकरण प्रयोगशाळेतल्या कपाटावर जाऊन बसतं. रुग्णालयात मात्र त्याच वस्तूनं सात-आठ वर्षं, रोज, अनोळखी हातांत चालायला हवं. मधलं हे अंतर भरून काढणं हाच आमच्या छोट्या कंपनीचा धंदा.

मी मुळात दुरुस्तीवाला. कंपनी काढण्याआधी बरीच वर्षं रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करायचो. देणगीतून आलेलं चकाचक यंत्र कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेलं असायचं. उघडून पाहिलं की आत बहुधा फारसं काही झालेलं नसायचं. फ्यूज उडालेला, नळी कडक होऊन चिरलेली, ११० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलेलं, नाहीतर माहितीपुस्तिका अशा भाषेत की वॉर्डात ती कुणालाच वाचता येत नाही. पुढे ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मलकिन आणि त्यांच्या सहकारी ॲलिसन कीन यांचा २०१० मधला अभ्यास हाती लागला. ११ देशांतल्या ६० रुग्णालयांमधली २,५२९ बंद यंत्रं अभियंत्यांनी आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी तपासली होती. परदेशातून सुटे भाग न मागवता, तिथल्या तिथे मिळेल त्या सामानावर त्यांतली ७२ टक्के पुन्हा चालू झाली. मी अडकलो तो पुढच्या आकड्यावर. झालेल्या दुरुस्त्यांपैकी साधारण एक चतुर्थांश कामं यंत्र नीट बसवून देणं आणि वापरणाऱ्याला शिकवणं एवढीच होती. ती यंत्रं बिघडलेलीच नव्हती.

तेव्हापासून कुठलंही नवं यंत्र पाहिलं की माझा पहिला प्रश्न असतो : हे बंद पडलं तर उघडणार कोण आणि कशानं?

विद्यार्थ्यांशी संबंध आला तो भंगारामुळे. चार मुलं फोटोथेरपीचं जुनं युनिट मागायला आली. नवजात बाळाच्या कावीळीवर निळ्या उजेडाखाली ठेवण्याचा उपचार करतात, त्याचं ते युनिट. त्यांना आतली रचना बघायची होती. बोलता बोलता त्यांनी एक वही दाखवली. नवजात बाळांच्या वॉर्डात रात्रपाळीला उभं राहून सिस्टरचे हात काय करतात, एवढंच त्यांनी त्यात लिहिलं होतं. दिवा मध्ये येतो म्हणून सिस्टर तो वर सरकवतात आणि पुन्हा खाली आणायचा राहून जातो. बाळं जास्त आणि दिवे कमी म्हणून एकाच दिव्याखाली दोन-तीन बाळं शेजारी शेजारी. दिव्यातली निळी नळी (ट्यूब) जळाली की तिच्या जागी मिळेल ती नळी.

मोठ्या कंपनीच्या माणसाला एवढा वेळ वॉर्डात कुणी उभं राहू देत नाही, आणि त्याच्या साहेबालाही ते परवडत नाही. विद्यार्थ्याकडे पैसा नसतो, अनुभव नसतो, पण वेळ असतो. शिवाय सिस्टरला त्याची भीती वाटत नाही. तिच्या तक्रारी तो मुकाट ऐकून घेतो.

त्या वहीतली प्रत्येक नोंद का महत्त्वाची होती, ते सांगतो. बिलिरुबिनवर, म्हणजे कावीळीत रक्तात साठणाऱ्या पिवळ्या द्रव्यावर, सगळ्यात चांगला परिणाम करतो तो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा उजेड. जोरदार उपचारासाठी त्या पट्ट्यात बाळाच्या त्वचेवर दर चौरस सेंटीमीटरला, दर नॅनोमीटरला निदान ३० मायक्रोवॅट पडायला हवेत. दिवा वर गेला की हा आकडा झपाट्यानं घसरतो. नळी जुनी झाली की आणखी घसरतो, आणि डोळ्यांना मात्र ती पूर्वीइतकीच निळी दिसते. म्हणजे बाळ दिव्याखाली आहे, कागदावर उपचार चालू आहेत आणि कावीळ काही उतरत नाही. उजेड मोजायचं मीटर वेगळं मिळतं, पण जिथे दिव्यालाच पैसे नाहीत तिथे मीटर कोण घेणार?

मुलांचं डिझाइन म्हणजे वरून आणि खालून एलईडीचा उजेड, मध्ये एकाच बाळापुरती पारदर्शक टोपली आणि उंची कायमची पक्की. एकापुरती टोपली ही कल्पना त्यांची नव्हती आणि आमचीही नाही. डिझाइन दॅट मॅटर्स ही संस्था आणि व्हिएतनाममधली एमटीटीएस ही उत्पादक कंपनी यांनी मिळून केलेल्या ‘फायरफ्लाय’ दिव्यात ती आधीपासून आहे. दुसरं बाळ ठेवायला जागाच उरू द्यायची नाही, की सूचनांचा फलक लावावा लागत नाही. आमच्या मुलांनी वर भर घातली ती एका छोट्या सेन्सरची. टोपली रिकामी असताना बटण दाबायचं. उजेड पुरेसा असेल तर हिरवा दिवा, कमी असेल तर लाल. आकडा कुठेच दाखवायचा नाही.

त्याच संस्थेची दुसरी गोष्ट मी प्रत्येक नव्या टीमला सांगतो. मोटारीचे सुटे भाग जगात सगळीकडे मिळतात, म्हणून हेडलाइटची ऊब, डॅशबोर्डचा पंखा आणि मोटारसायकलची बॅटरी वापरून त्यांनी ‘निओनर्चर’ नावाचा इन्क्युबेटर तयार केला. २०१० मध्ये टाइम मासिकानं वर्षातल्या ५० उत्तम शोधांत त्याला जागा दिली. तो उत्पादनात मात्र कधीच गेला नाही. तो बनवायला कोण तयार आहे, विकत कोण घेणार आणि मोटारीच्या भागांचं यंत्र आपल्या वॉर्डात ठेवायला डॉक्टरांना आवडेल का, हे प्रश्न मागे राहिले होते. संस्थेचे टिमोथी प्रेस्टेरो हे जाहीरपणे सांगतात, याचं मला कौतुक वाटतं. फायरफ्लाय त्यानंतरचा, आणि त्यात उत्पादक पहिल्यापासून सोबत होता.

आता आमच्या कारखान्यातलं काम. मुलांचा प्रोटोटाइप आला तेव्हा त्याची टोपली थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये काढलेली होती. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्यात, १२१ अंश असतात. ऑटोक्लेव्ह नकोच म्हटलं तरी प्रिंटच्या थरांमधल्या खाचा पुसून स्वच्छ होत नाहीत. मग पॉलिकार्बोनेटचा विचार झाला. ते छान पारदर्शक, मजबूत. पण ताणाखाली असलेल्या भागावर स्पिरिटचा बोळा रोज फिरवला की स्क्रूच्या भोवती केसासारख्या चिरा पडतात. वॉर्डात तर स्पिरिटही फिरतं आणि ०.५ टक्के क्लोरिनचं पाणीही. क्लोरिननं लेबलवरची अक्षरं जातात, साधं लोखंड गंजतं, ॲल्युमिनियमवर डाग पडतात. शेवटी टोपलीला स्क्रूचं एकही भोक ठेवलं नाही, ती खाचेत नुसती बसते. अक्षरं छापण्याऐवजी साच्यातच उठावदार घेतली. त्या साच्याचा खर्च बाकी सगळ्या यंत्राला भारी पडला, पण साचा एकदाच करावा लागतो.

पंख्यावरून मुलांशी जोरदार वाद झाला. एलईडी तापला की उजेड कमी देतो आणि लवकर मरतो, म्हणून त्यांनी पंखा बसवला होता. माझ्या दुरुस्तीच्या दिवसांत उघडलेल्या जवळपास प्रत्येक पंख्यात धुळीचा गोळा निघालेला मला आठवत होता. पंखा काढून ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) लावला, त्यावर रंगाचा टिकाऊ थर दिला आणि पेटी बंद केली. वजन वाढलं. मुलांना ते आवडलं नाही, वजनाचा तक्ता त्यांनी प्रेझेंटेशनमध्ये अभिमानानं लावला होता.

सर्वांत महाग भाग कुठला, असं पाहुणे विचारतात तेव्हा उत्तर त्यांना पटत नाही. विजेचा पुरवठा. मुलांनी साधा बाजारातला अडॅप्टर लावला होता आणि तो उत्तम चालत होता. पण वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकानुसार माणसाचा हात लागेल अशा भागातून गळणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअरच्या आत राहावा लागतो, आणि अर्थिंग तुटलेलं असलं तरी ५०० च्या आत. ज्या रुग्णालयांसाठी आपण बनवतो तिथे अर्थिंगची तार कित्येकदा भिंतीत शिरते आणि पुढे कुठेच जात नाही. तेव्हा ‘तुटलेलं अर्थिंग’ ही आमच्या दृष्टीनं नेहमीचीच स्थिती. इथे काटकसर नाही.

कागदांचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यात मजा नाही. दोन आंतरराष्ट्रीय मानकं पाळायची : गुणवत्तेसाठी आयएसओ १३४८५, धोक्यांच्या विचारासाठी आयएसओ १४९७१. काय काय बिघडू शकतं, त्यानं कुणाला किती इजा होईल आणि आपण त्यावर काय केलं, याची ओळीनं नोंद. मुलं कंटाळतात. माझ्या मते यंत्राचं खरं डिझाइन त्या फायलीत असतं, पत्र्याची पेटी नंतर.

या क्षेत्रात सगळे ज्याचं नाव घेतात ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं बबल सीपॅप. श्वास घ्यायला धडपडणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांतल्या पिशव्या मिटू नयेत म्हणून नाकातून हलका दाब देत राहायचं. बाहेर जाणाऱ्या हवेची नळी पाण्यात बुडवली की झालं : नळी पाच सेंटीमीटर खोल, तर दाब पाच सेंटीमीटर पाण्याइतका. विद्यार्थ्यांच्या पहिल्या नमुन्यात मत्स्यालयातले हवेचे पंप होते, प्लास्टिकच्या साध्या डब्यात बसवलेले. मलावीत ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये याच यंत्रणेचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के जगली, सीपॅपवर ७१ टक्के. अभ्यास लहान होता, एका बाजूला २५ बाळं आणि दुसऱ्या बाजूला ६२, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. तरीही फरक डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही.

लोकांच्या लक्षात राहतो तो मत्स्यालयाचा पंप. माझं लक्ष जातं ते थर्ड स्टोन डिझाइन या छोट्या कंपनीकडे. डब्यातल्या त्या नमुन्याचं वॉर्डात ठेवता येईल असं ‘पुमानी’ नावाचं यंत्र झालं ते तिच्या हातून. तिच्याबद्दल कुणी भाषणात बोलत नाही.

कधी मुलंच कंपनी काढतात. स्टॅनफर्डमध्ये ‘डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी’ नावाचा अभ्यासक्रम आहे. २००७ मध्ये तिथल्या एका गटाला स्वस्त इन्क्युबेटरचा विषय मिळाला. त्यातला एक जण नेपाळला जाऊन आला तेव्हा दिसलं की शहरातल्या रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे आहेत आणि कमी वजनाची बाळं खेड्यांत, विजेपासून दूर आहेत. त्यातून ‘एम्ब्रेस’ ही ऊबदार झोळी निघाली. तिच्यातला मेणासारखा पदार्थ ३७ अंशांच्या आसपास घट्ट होत जातो आणि तेवढ्याच तापमानाची ऊब काही तास देत राहतो. पुढची कित्येक वर्षं त्या मुलांनी त्यालाच वाहून घेतलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं असं करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं, ज्याला घर चालवायचंय त्यानं नोकरी धरावी. वस्तू पुढे न्यायला आम्ही आहोत.

म्हणून मुलांशी करार आम्ही प्रोजेक्ट चालू असतानाच करतो. डिझाइनचा हक्क त्यांचा आणि कॉलेजचा, बनवण्याचा परवाना आमच्याकडे, प्रत्येक विक्रीमागे ठरलेला वाटा त्यांना. यंत्राच्या मागच्या पट्टीवर त्यांची नावं असतात. फोन नंबर नसतो, पहिल्या खेपेला एका मुलीनं हौसेनं तो टाका म्हटलं होतं, तिच्या सुदैवानं आम्ही ऐकलं नाही. बदल्यात आम्ही तीन गोष्टी मागतो : मोजमापांसकट ड्रॉइंग, प्रत्येक भागाला निदान दोन पुरवठादार, आणि फसलेल्या प्रयोगांची वही. तिसरी गोष्ट मिळवताना सर्वांत त्रास होतो. अहवालात फक्त चाललेलं लिहायचं, ही सवय कॉलेजनं लावलेली असते.

काही डिझाइन आम्ही परत पाठवतो. ठरावीक मोबाइलला जोडून चालणारी वस्तू घेत नाही; दोन वर्षांत तो मोबाइल बाजारातून जातो आणि चार्जिंगचा पिनही बदलतो. आम्हीच विकू अशा खास नळीवर किंवा पट्टीवर चालणारी वस्तूही घेत नाही. यावर मला धंद्याची अक्कल शिकवणारे भेटतात. यंत्र स्वस्तात द्या, कमाई नळ्यांवर करा, असा त्यांचा सल्ला. हिशेबानं तो चूक नाही, बऱ्याच कंपन्या त्यावरच उभ्या आहेत. पण ज्या रुग्णालयात नळ्यांची ऑर्डर महिनोन्‌महिने अडकते, तिथे असं यंत्र पहिली खोकी संपली की बंद पडतं, आणि दोष यंत्राला लागतो. आमची कमाई विक्रीवर, शिकवण्याच्या फीवर आणि सुट्या भागांच्या पेटीवर चालते. ती जेमतेमच आहे. टेस्टिंगचा खर्च थोड्या नगांवर वाटावा लागतो, त्यामुळे पहिल्या खेपेत नफा असा दिसलाच नाही, दुसऱ्या खेपेत दिसला.

प्रत्येक यंत्रासोबत ही पेटी जाते : फ्यूज, विजेची वायर, एलईडीची एक पाटी आणि एकाच मापाचे स्क्रू. मागचं झाकण एका पेचकसानं उघडतं. रुग्णालयाच्या तंत्रज्ञानं स्वतः उघडलं म्हणून वॉरंटी जात नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रं आहेत, मजकूर जवळजवळ नाही.

सध्या दुसऱ्या उत्पादनावर काम चालू आहे. सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून औषध देणारं यंत्र, पण मोटरऐवजी स्थिर जोर देणाऱ्या स्प्रिंगवर चालणारा, म्हणजे वीज फारच थोडी लागते. या वाटेनंही राइसच्या मंडळींनी आधी काम केलेलं आहे. गरोदरपणातल्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध द्यायचं तर ते सावकाश आणि अचूक जावं लागतं. जास्त गेलं तर श्वास थांबू शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिरिंजमध्ये दट्ट्याचं घर्षण वेगळं असतं आणि आमची सगळी डोकेदुखी तिथेच आहे. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांतली एक मुलगी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी येते, बाकीचे लांब गेले. त्यांची वही मात्र आमच्याकडे आहे आणि घर्षणाचे निम्मे प्रश्न त्यांनी आधीच लिहून ठेवलेत. सगळ्या सिरिंजवर आकडे जुळेपर्यंत हा पंप विकायला काढणार नाही.

कॉलेजांना एवढंच सांगणं, की आमच्याकडे यायचं असेल तर प्रोटोटाइप घेऊन शेवटच्या महिन्यात येऊ नका. विषय ठरतोय तेव्हा या. येताना ज्या वॉर्डासाठी बनवायचंय तिथल्या एका सिस्टरला आणि जो ते दुरुस्त करणार त्या तंत्रज्ञाला बरोबर आणता आलं तर आणा. पहिली बैठक बहुतेक वेळा त्यांच्याशीच होते, मुलं ऐकत बसतात.