बेळगाव ते जुनं गोवं: चालत जाणाऱ्यांसाठी

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त 3 डिसेंबरला आणि नोव्हेना, म्हणजे त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून. बेळगावातून 29 तारखेच्या पहाटे निघालं की 2 तारखेच्या संध्याकाळी आपण जुन्या गोव्यात पोचतो. पण आम्हां मराठी ख्रिस्ती मंडळींची वारी त्याच्या आठवडाभर आधी, घरातच सुरू होते. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणून बांधावरून असो, वाटणीवरून असो, ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या दारात आधी जायचं. समोरचा दार लावून घेईलही. आपण जायचं, एवढंच आपल्या हातात. त्यानंतर फादरांकडे पापनिवेदन. हे टाळून चाललेले शंभर किलोमीटर म्हणजे नुसते पायांचे कष्ट, असं आम्ही नवीन माणसाला पहिल्याच बैठकीत सांगतो.

वाट चोर्ला घाटाची. पिरनवाडी, किणये, कुसमळीला मलप्रभेचा पूल आणि पहिला मुक्काम जांबोटी. दुसऱ्या दिवशी कणकुंबी मागं टाकून चोर्ला, तिसऱ्या दिवशी घाट उतरून केरी आणि साखळी, चौथ्या दिवशी आमोणे, माशेल, बाणस्तारीचा पूल आणि जुनं गोवं. रोजचं पंचवीस-तीस किलोमीटर पडतं. बेळगावकडून जाणाऱ्याला चढाचा फारसा त्रास नाही, कारण आपण मुळात घाटमाथ्यावरच राहतो. कस लागतो तो उताराला. पाय बुटात पुढं सरकतो, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं आणि केरी येईपर्यंत काळंनिळं होतं. यावर उपाय सोपा आहे. नखं चार दिवस आधी सरळ कापायची, आणि उतार लागायच्या आधी थांबून घोट्याजवळची लेस आवळून बांधायची, म्हणजे टाच मागंच राहते. गुडघे दुखणाऱ्यानं काठी घ्यावी आणि पावलं आखूड टाकावीत.

बूट नवे नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत. सुती मोजा घामानं भिजला की तसाच राहतो आणि भिजलेली कातडी घासली की फोड येतो. त्यामुळं आत पातळ नायलॉनचा, वर जाड असे दोन मोजे घालायचे, दुपारी आतला बदलायचा, बोटांच्या मधे व्हॅसलिन लावायचं. कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली की तिथल्या तिथं थांबून पट्टी लावायची, पुढच्या मुक्कामापर्यंत कळ काढायची नाही. छोटा फोड फोडू नये. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढावं, वरची कातडी मात्र ओढून काढू नये, तीच खालच्या जखमेचं झाकण. पाणी तहान लागायच्या आधी प्यावं. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट.

अनवाणी जाण्याचा नवस काहीजण करतात. आम्ही त्यांना अडवत नाही, पण मधुमेह असणाऱ्याला हात जोडून सांगतो की बूट घाल. त्याला जखम अनेकदा कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. अनवाणी चालायला चर्चनं कुणाला सांगितलेलं नाही.

पहाटे चारला निघायचं. पुढं क्रूस, मागं लाल दिवा आणि चमकणारं जाकीट घातलेला माणूस, मधे एकेरी रांग, रस्त्याच्या उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. घाटाच्या वळणांवर तर हे पाळायलाच हवं. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. तरणी पोरं पुढं पळतात आणि म्हाताऱ्या मावश्या एकट्या मागं राहतात, तेव्हा वारी तुटते. त्याच पाचव्या अध्यायात एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जायला सांगितलंय. इथं त्याचा अर्थ मागच्या मावशीची पिशवी आपल्या खांद्यावर घेणं एवढा साधा असतो. भांडणं बहुतेक तिसऱ्या दिवशी दुपारी होतात, ऊन, उतार आणि उपाशी पोट एकत्र आल्यामुळं. म्हणून त्या दिवशी जेवण अकरालाच उरकतो आणि नंतरचा एक तास मौनात चालतो.

जपमाळ सपाटीवर म्हणायची. चढावर दम पुरत नाही, शब्द तुटतात, मग लोक उरकायला बघतात. पाच रहस्यांची (रहस्य म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातला मनन करायचा प्रसंग) एक माळ वीसेक मिनिटांत होते, तेवढ्यात दीड किलोमीटर जातो. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. प्रत्येक रहस्याआधी घरी राहिलेल्यांनी दिलेली एक चिठ्ठी वाचतो: कुणाची शस्त्रक्रिया, कुणाची दारू सुटावी, कुणाला काम मिळावं. फोनवर मोठ्यानं गीतं लावू देत नाही.

रात्री मुक्कामाला आत्मपरीक्षण. ही सवय येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची, आणि झेवियर त्यांचेच सोबती. आधी देवाचे आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासानं आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एकच गोष्ट ठरवायची. 'मी चांगला वागेन' हे ठरवणं झालं नाही. 'उद्या पाणी वाटताना स्वतः शेवटी पिईन', हे झालं. दहा मिनिटं पुरतात. दमलेल्या माणसाला ती जड जातात, पण घरी दुकान बंद करून आल्यावरही तो दमलेलाच असणार आहे. म्हणून इथं आम्ही सूट देत नाही.

जुन्या गोव्यात 3 तारखेला रांग फार लांब असते. बॉम जेझू बॅसिलिकेत अवशेषांची चांदीची पेटी उंचावर आहे, खालूनच दर्शन होतं. शव खाली आणतात ते दहा वर्षांतून एकदा, गेल्या वेळी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. काहींचा त्यानं हिरमोड होतो. त्यांना आम्ही सांगतो, 1542 मध्ये गोव्यात उतरलेला हा माणूस हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीत पोरांना प्रार्थना शिकवायला बोलवत फिरायचा. आपल्या गावात रविवारच्या धर्मशिक्षणाला शिकवणारे कमी पडतात, तिथं नाव द्या.

परत येताना बस. पोचल्यावर आठ दिवसांच्या आत चिठ्ठी देणाऱ्या प्रत्येक घरी जायचं. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, नुकताच सुरू झालेला असतो आणि नाताळला तीन आठवडे हातात असतात. शस्त्रक्रिया झालेल्याकडे डबा न्यायचा, काम शोधणाऱ्याचं नाव चार ठिकाणी सांगायचं, दारूच्या घरी मात्र एकट्यानं न जाता दोघांनी जायचं, आणि संध्याकाळी न जाता सकाळी.