खांड पडलेल्या बांधावर

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, माती-पाण्याचे नमुने घेणं हे माझं काम. त्या दिवशी गेलो तो पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणानंतर. खाडीकडच्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे तो फुटला होता, आणि भरतीचं पाणी थेट भातात शिरत होतं.

इथे पीक एकच, पावसाळी भात. पहिल्या पावसांनी मातीतला खार धुऊन निघतो, तो ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत सोडायचा आणि भरतीला उघाडी बंद. सगळी शेती या उघडझापीवर चालते. मातीच्या अर्काची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारी धरतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या ‘पनवेल १’सारख्या जाती बराच खार सोसतात, पण दिवसातून दोनदा भरती आली तर त्या तरी काय करणार?

एका काकींच्या खाचरातलं रोप उपटलं. पात पिवळी, मुळं काळी आणि बुळबुळीत.

“ते गेलंच रे, तू इकडे ये,” म्हणत त्या मला वरच्या अंगाच्या तळ्यावर घेऊन गेल्या. वारंवार खारावणारं खाचर खोदून त्यांनी त्यात जिताडा सोडला होता. हा मासा खाऱ्या पाण्यातही जगतो, गोड्यातही. पावसाने तळं गोडं झालं तरी त्याचं बिघडत नाही. पण भारी खादाड! काकींनी जाळीतून एक वर काढला, तर त्याच्या तोंडातून धाकट्या जिताड्याचं शेपूट बाहेर आलेलं. “लहान-मोठे वेगळे केले नाहीत तर असं होतं.”

खांडीच्या कडेला तिवरांची बोटभर रोपं उगवली होती. दोन-चार वर्षं खांड तशीच राहिली की शेताचं कांदळवन (खारफुटीचं जंगल) होतं, आणि कांदळवनाला हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने तर त्याभोवतीचे ५० मीटरही राखायचे आहेत. कांदळवन हवंच, किनारा तेच धरून ठेवतं. पण दुरुस्ती रखडली म्हणून कुणाचं भातशेत जावं, हे मला पटत नाही.

शेजारचे एक काका कुरकुरले, “तळेवाल्यांना काय, खांड राहिली तरी चालेल.”

काकी उसळल्या. “उद्या माझ्या तळ्याचा बांध गेला तर मासे खाडीत जातील, तुमच्या घरात नाही! लिही रे, खांड आधी भरा म्हणावं.”

अहवालात मी तेच पहिलं लिहिलं: पुढच्या पावसाआधी, चिखल सुकलेला असतानाच खांड भरावी.