जावक क्रमांकात अडकलेली पीएचडी

अमेरिकेत पीएचडी म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला: किती लाख लागतात? रसायनशास्त्रात बऱ्यापैकी विभागानं घेतलं तर लागत नाहीत. ते ट्यूशन फी माफ करतात, वर दरमहा स्टायपेंड देतात. बदल्यात पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची, नाहीतर प्रोफेसरांच्या प्रकल्पावर राबायचं. बाबांना हे ऑफर लेटर हातात येईपर्यंत पटलं नव्हतं. "फुकट कोण शिकवतंय गं?"

टोफेल, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, पुण्यात दिली. हुतात्मा एक्सप्रेसनं गेले, परत आले, विषय संपला. जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षा माझ्या यादीतल्या बहुतेक विभागांनी मागितलीच नाही; तुमच्या यादीचं तुम्ही तपासा. माझं रक्त आटलं ते शिफारसपत्रांत.

पत्रं साधारण तीन लागतात. आपण अर्जात सरांचा ईमेल टाकायचा, विद्यापीठ थेट त्यांना लिंक पाठवतं आणि सर पत्र अपलोड करतात. ते पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते, अशी खूण आपण करायची असते. ती करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

एमएस्सीच्या दोन्ही मॅडमची पत्रं बिनबोभाट गेली. तिसरं बीएस्सीच्या सरांचं. सर म्हणजे देवमाणूस. चादरी-टॉवेलच्या या गावात रंगाचं सांडपाणी जातं कुठं, हा प्रश्न मला त्यांनीच लावून दिला आणि माझा पहिला प्रकल्प त्यावरच झाला. म्हणून त्यांचंच पत्र हवं होतं. पण सरांच्या लेखी पत्र म्हणजे लेटरहेड, शिक्का आणि जावक क्रमांक. लेटरहेड ऑफिसच्या कपाटात. जावक रजिस्टर ज्यांच्याकडे, ते भाऊसाहेब परीक्षेच्या कामात. एकदाचे सापडले तर म्हणाले, "पत्ता सांगा, पिनकोड सांगा." म्हटलं, पोस्टानं नाही जात, लिंकवर चढवायचंय. "मग जावक कशाची करू मी?" प्रश्न बिनतोड होता! पण जावक नाही म्हणून लेटरहेड नाही, आणि लेटरहेड नाही म्हणून सर लिहायला बसेनात. नोव्हेंबर सरत आला होता आणि माझ्या मुदती १ ते १५ डिसेंबरच्या.

मधेच सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे आपल्याकडे सर्रास चालतं. मी नाही केलं. एक तर ते खोटं, आणि तिन्ही पत्रांत एकच हात दिसला तर वाचणाऱ्याला कळतंच. मी सरांना एका पानावर मुद्दे लिहून दिले: प्रकल्पात काय केलं, कुठलं उपकरण हाताळलं, कुठं अडले आणि मग काय केलं. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबिडियंट' एवढंच असलेलं पत्र तिकडं रद्दीच्या भावानं जातं. वर्गात ही मुलगी वरच्या किती टक्क्यांत होती, हेही लिंकवर विचारतात. आपले सर उगाच विनय दाखवून खालच्या रकान्यात खूण करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

शेवटी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "अहो, हे सरांचं वैयक्तिक मत आहे, कॉलेजचा पत्रव्यवहार नाही. जावक कशाला?" आणि लेटरहेड काढायला लावलं. एवढ्यासाठी एवढे दिवस! केबिनमधून बाहेर आल्यावर आनंद कमी आणि संताप जास्त होता.

तरी संपलं नव्हतं. सरांचा ईमेल जीमेलचा, आणि एका अर्जात संस्थेचाच ईमेल द्या म्हणून लिहिलेलं. मी तिथल्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना, म्हणजे विभागात अर्जांचं काम बघणाऱ्यांना, चार ओळींची मेल टाकली. उत्तर आलं: लेटरहेडवर असेल तर जीमेल चालेल, आणि पत्र मुदतीनंतर थोडं उशिरा आलं तरी बघू. ही माणसं उत्तर देतात, विचारायला लाजू नका. प्रत्येक विद्यापीठाची लिंक वेगळी येते आणि हमखास स्पॅममध्ये पडते. सरांच्या मुलीनं त्या शोधून एका बैठकीत सगळी पत्रं चढवली. तिला शेंगाचटणी पोचवली आहे.

मुदत त्यांच्या घड्याळाची असते. पूर्वेकडच्या विद्यापीठाची रात्री ११:५९ म्हणजे डिसेंबरात आपली दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९.

अर्जाची फी विसरलेच होते. बऱ्याच ठिकाणी ७५ डॉलर किंवा वर, आणि परत मिळत नाही. फीमाफी मागायची तर अर्ज सबमिट करण्याआधी मागा. आणि ऑफर आली की लगेच हो म्हणायची घाई नको. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसांत ठरवलंय की फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. कुणी आधीच दबाव आणला तर तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, एवढं नम्रपणे विचारा.