ओरखडे आणि ओल
पुण्यातल्या नव्या फ्लॅटचा ताबा घेण्यापूर्वी बोलावलेल्या तपासनिसांनी आज ६४ नोंदींचा अहवाल हाती दिला, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदी रंगाचे ओघळ, दारावरचे ओरखडे अशाच होत्या. हे कशाला लिहिता, असे मी जरा त्रासूनच विचारले. त्यांनी उत्तर न देता स्वयंपाकघरातल्या, केसाएवढी रेघ असलेल्या टाइलवर नाणे वाजवले. आवाज पोकळ आला, म्हणजे टाइल खालून नीट चिकटलेली नव्हती. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण आज न नोंदवलेला ओरखडा आमच्याच कपाटाने पडला नाही, हे उद्या कोण मानणार? तरीही ओरखड्यांची जागा शेवटच्या पानावर हवी होती. बाथरूमच्या भिंतीतली ओल मला थेट ३७व्या क्रमांकावर सापडली.