निगेटिव्ह रिपोर्ट आणि न रंगलेला स्नायू

"मॅडम, एक स्लाइड पाठवतोय, जरा बघाल का?" ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) सरांचा फोन. मी पॅथॉलॉजिस्ट, पेशी तपासून निदान करणारी डॉक्टर. बाई सत्तरीपुढच्या. गर्भपिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन पूर्वीच झालेलं, आता दोन्ही फुप्फुसांत गाठी. गाठीतून सुईने काढलेला तुकडा निदानातच संपला होता. हृदय कमकुवत, किमो झेपणार नाही. उरल्या हार्मोनच्या गोळ्या, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या पिशवीवरचा बाहेरचा रिपोर्ट म्हणत होता: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह. म्हणजे पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) नाहीत.

मला खटकलं. ट्यूमर एंडोमेट्रिऑइड प्रकारचा (पिशवीच्या अस्तराच्या ग्रंथींसारखा दिसणारा), ग्रेड एकचा, म्हणजे सौम्य दर्जाचा. त्यात हे रिसेप्टर बहुतेकदा सापडतातच. सिरस हा दुसरा, जास्त आक्रमक प्रकार असता तर कदाचित मीही मान डोलावली असती.

स्लाइड लावली. या चाचणीत रिसेप्टर असले की केंद्रकं तपकिरी रंगतात, नसले की निळी. ट्यूमरच्या पेशी निळ्या. मग कडेच्या, पिशवीच्याच निरोगी स्नायूकडे सरकले. त्याची केंद्रकं तपकिरी दिसायला हवीत, कारण तिथे रिसेप्टर असतातच. तीही निळीच! म्हणजे या स्लाइडवरून ट्यूमरबद्दल काहीच बोलता येत नव्हतं.

असं का होतं, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. पिशवी न चिरता डब्यात कोंबली, की फॉर्मॅलिन (पेशी टिकवणारं रसायन) आत पोचेपर्यंत मधला भाग बिघडतो. अख्खी कैरी बरणीत टाकून मीठ मुरायची वाट बघण्यासारखंच. क्युरेटिंगचे (पिशवीचं अस्तर खरवडून काढलेले) तुकडे मात्र बारीक, ते छान फिक्स होतात. बाईंच्या मुलाला विचारलं, "ऑपरेशनच्या आधी पिशवी साफ केली होती, त्याचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, मिळेल?" त्याने जुन्या लॅबमधून तो शोधून आणला. (ब्लॉक जपून ठेवणाऱ्या लॅबना माझा नमस्कार.)

नव्या स्लाइडवर ग्रंथींच्या भोवतालची निरोगी स्ट्रोमा (आधार देणाऱ्या पेशी) तपकिरी, आणि ट्यूमरही. पीआर तर जवळजवळ प्रत्येक पेशीत.

सरांना कळवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्रोजेस्टिनच्या (प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या) गोळ्यांना पीआर पॉझिटिव्ह रुग्णांपैकी 37 टक्क्यांनी प्रतिसाद दिला होता, निगेटिव्हपैकी 8 टक्क्यांनी. 37 म्हणजे खात्री नव्हे. शिवाय पसरलेल्या गाठींत रिसेप्टर कमी झालेले असू शकतात, हेही मी रिपोर्टखाली लिहिलं.

मेजेस्ट्रॉल हे प्रोजेस्टिन सुरू झालं. पुढच्या सीटीत दोन गाठी आक्रसल्या होत्या, एक तशीच होती. काकूंची भूक वाढली, वजन वाढलं, साखरही. मुलगा म्हणाला, "डायबेटिसच्या गोळ्या बदलाव्या लागल्या, मॅडम."