मृत्युपत्र न करता गेलेला पहिला नवरा : माउंट व्हर्ननची एक चक्कर

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचा माउंट व्हर्ननचा वाडा दगडी नाही. लांबून जे चिरे वाटतात त्या लाकडी फळ्या आहेत; कडा तासून चिऱ्यांसारख्या केलेल्या, आणि ओल्या रंगावर वाळू मारलेली. भिंतीला नाक लावलं की दाणे दिसतात. वॉशिंग्टनचा थाट इतक्या जवळून पाहणारे कमी. बहुतेक लोक मागच्या लांबलचक ओसरीवर खुर्च्या धरून पोटोमॅक बघत बसतात. नदी आहेच तशी. आम्हीही बसलो.

भाचा अलेक्झांड्रियात राहतो. तिथून नदीकाठचा रस्ता थेट फाटकापाशी येऊन संपतो. मी तालुका कोर्टात दिवाणी वकिली करतो. वाटण्या, वारसनोंदी, हक्कसोडपत्रं यांतच माझे दिवस जातात. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाची पलंगखोली, बास्तीय तुरुंगाची किल्ली वगैरे बघून झाल्यावर मला ओढ होती ती एका यादीची. तिची प्रत मोबाईलवर उघडून मी ओसरीवरच वाचत बसलो.

ही यादी वॉशिंग्टनने जून 1799 मध्ये, मरणाच्या सहा महिने आधी, स्वतः केली. शेतावरच्या गुलामांची नावं, कामं, वयं, कोणाची बायको कुठल्या शेतावर. आणि दोन रकाने : एक स्वतःचे, दुसरा बायको मार्थाच्या विधवाहक्कातले, म्हणजे पहिल्या नवऱ्याकडून विधवा म्हणून तिच्याकडे आलेले. एकूण 317 माणसं. त्यातली 123 त्याची, 153 विधवाहक्कातली, उरलेली बहुतेक शेजाऱ्यांकडून भाड्याने घेतलेली. आयझॅक सुतार पहिल्या रकान्यात. त्याची बायको किटी, दूधदुभतं बघणारी, दुसऱ्यात. त्यांच्या नऊ मुली? दुसऱ्यातच. व्हर्जिनियाने 1662 सालीच कायदा करून टाकला होता की मूल आईच्या मागे जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईचा जो मालक तोच मुलाचा. बाप गोरा मालक असला तरी काही बिघडू नये, ही त्यातली खरी सोय.

पुढच्याच महिन्यात त्याने मृत्युपत्र केलं. माझे गुलाम बायकोच्या पश्चात मुक्त व्हावेत. विल्यम ली हा खास नोकर मात्र लगेच, आणि त्याला वर्षाला 30 डॉलर. आत्ताच का नाही, याचं कारणही मृत्युपत्रातच आहे : माझ्या आणि विधवाहक्काच्या माणसांची आपसांत लग्नं झाली आहेत, मार्था हयात असताना मोकळीक दिली तर फार अडचणी होतील.

भाच्याने विचारलं, "मग मामा, बाईंचेही सोडून टाकायचे की! घरचेच तर."

घरचे नव्हते, तिथेच तर मेख आहे. मार्थाचा पहिला नवरा डॅनिअल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता गेला. बडा जमीनदार, पदरी तीनशेच्या आसपास गुलाम. कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. वापरायचा, उत्पन्न खायचं. विकायचा नाही, सोडायचा नाही. ती गेली की हिस्सा परत कस्टिसच्या वारसांकडे. 1956 चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी आपल्याकडच्या विधवेचा हक्क असाच लंगडा होता, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. मात्र इथे त्या हिश्श्यात जमिनीबरोबर 84 माणसं होती. व्हर्जिनियाच्या 1705 च्या कायद्याने वारसाहक्कापुरता गुलाम ही स्थावर मिळकत ठरवली होती. कर्जवसुलीला मात्र तीच माणसं जंगम मालासारखी विकता येत. वारसाचीही सोय, सावकाराचीही. असा मसुदा करणारा वकील हुशारच असणार, आणि त्याची मला शिसारी आली.

1759 मध्ये मार्थाने वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि वहिवाट त्याच्याकडे आली. चाळीस वर्षांत 84 चे 153 झाले, कारण प्रत्येक बाळंतपणात कस्टिसच्या वारसांची इस्टेट वाढत होती. मुद्दल त्यांचं, वाढही त्यांची.

ओना जज ही त्यातलीच, मार्थाची खास दासी. मार्था तिला लग्न झालेल्या नातीला देऊन टाकणार आहे हे कळल्यावर ती मे 1796 मध्ये फिलाडेल्फियातल्या अध्यक्षांच्या घरून निसटली. न्यू हॅम्पशायरला पोचली, जॅक स्टेन्स नावाच्या मुक्त खलाशाशी लग्न केलं, मुलं झाली. व्हर्जिनियापासून शेकडो मैलांवर जन्मलेली ती मुलंही कायद्याने कस्टिस घराण्याची मिळकत! ओना 1848 मध्ये वारली, तोवर कागदोपत्री फरारीच.

वॉशिंग्टन डिसेंबर 1799 मध्ये गेला. आता शंभरावर माणसांची सुटका एका म्हातारीच्या मरणावर टांगलेली. तिला जिवाची धास्ती वाटते असं तेव्हाच्या अध्यक्षांच्या बायकोने, अबिगेल ॲडम्सने, भेटीनंतर पत्रात लिहिलंय. मार्थाने 1 जानेवारी 1801 ला नवऱ्याच्या माणसांना मोकळं केलं. आयझॅक सुटला. मे 1802 मध्ये ती गेली आणि विधवाहक्काची माणसं चार नातवंडांत वाटली गेली. किटी आणि मुली त्या वाटणीत गेल्या. मार्थाच्या एकटीच्या मालकीचा एक माणूस होता, इलिश. त्याला तरी ती सोडू शकत होती, तिथे कायदा आडवा येत नव्हता. तिने तो नातवाच्या नावे केला. इथे माझी मार्थाबाईंबद्दलची सहानुभूती संपली.

वाडा पुतण्याला, बुशरॉडला मिळाला. तो सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. त्याने आपले गुलाम आणले आणि 1821 मध्ये त्यातले 54 लुइझियानाला विकले. वॉशिंग्टनच्या थडग्याच्या अलीकडे गुलामांच्या दफनभूमीवर 1983 चं स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा थडग्यापुढे रांग होती, इथे कोणी नव्हतं.

परतताना भाच्याला आर्लिंग्टनला गाडी घ्यायला लावली. मार्थाचा नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याने वाटणीतली माणसं घेऊन टेकडीवरचं हे घर उभं केलं. पुढे त्याचा जावई रॉबर्ट ली अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकारविरुद्ध दक्षिणेच्या बाजूला गेला, सरकारने जमीन घेतली आणि 1864 मध्ये तिथे सैनिकांची दफनभूमी केली. लीचा मुलगा कोर्टात गेला. 1882 मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला आणि सरकारने त्याला दीड लाख डॉलर मोजले.

त्याच जमिनीवर आणखी एक दावेदार होती, मराया सायफॅक्स. माउंट व्हर्ननहून आलेल्या एरियाना कार्टर या गुलाम बाईची मुलगी. बाप स्वतः पार्क कस्टिस, असं मानलं जातं. त्याने तिला मोकळं करून सुमारे 17 एकर तुकडा राहायला दिला होता, पण कागद केला नाही. सरकारने इस्टेट घेतली तेव्हा तिचा तुकडाही गेला. शेवटी 1866 मध्ये काँग्रेसने खास तिच्या नावाचा कायदा करून ती जमीन तिच्या नावे केली.